आरोपपत्र लिहायला शिकताना: आमच्या एचआर टीमचं प्रशिक्षण

आमच्या कंपनीचे तीन प्लांट आहेत: चाकण, सातपूर आणि वाळूज. तिन्हीकडची एचआरची माणसं मिळून डझनभर. भरती, पगार, पीएफ, ईएसआय, कॅन्टीनच्या तक्रारी, ऑडिट हे सगळं आमच्या हातचं. पण कामगारावर शिस्तभंगाची कारवाई करायची वेळ आली की फाइल सरळ वकिलांच्या ऑफिसात जायची, तिथून कागद टाइप होऊन यायचा आणि आम्ही फक्त पोच घ्यायला शॉपफ्लोअरवर जायचो.

मार्च २०२४ मध्ये एका जुन्या बडतर्फीच्या प्रकरणात कामगार न्यायालयाने आमची खातेनिहाय चौकशी, म्हणजे शिक्षेआधी कंपनीनेच घेतलेली चौकशी, सदोष ठरवली. कामगाराने मागितलेली कागदपत्रं त्याला दिली नव्हती आणि एका साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नव्हती. चौकशी अशी पडली तरी कंपनीला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. फायरस्टोन टायरच्या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडलं आहे. पण आमचा मुख्य साक्षीदार तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता आणि यायला तयार नव्हता. त्या आठवड्यात डायरेक्टरांनी मला बोलावलं आणि सांगितलं, एचआरमधल्या प्रत्येकाला हे काम स्वतः करता आलं पाहिजे, प्रशिक्षण तू उभं कर.

मला घाम फुटला होता. ते प्रशिक्षण पार पडलं, त्यानंतरची पहिली खरी चौकशीही झाली. असंच काम अंगावर आलेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

एप्रिल गेला प्रस्ताव आणि मंजुरीत. पहिली अडचण तारखांची. प्लांट हेड माणसं सोडायला तयार होईनात, आणि त्यांचंही बरोबर होतं. महिन्याचे पहिले दिवस पगारात जातात, १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयची चलनं भरायची असतात, महिनाअखेर हजेरी बंद करायची असते. उरतात १६ ते २५ या तारखा. प्रस्तावात मी हीच खिडकी लिहून दिली, एका वेळी प्रत्येक प्लांटमधून निम्मीच माणसं येतील असं कबूल केलं, आणि सही मिळाली. तुमच्या प्रस्तावातही आधी हेच लिहा. विषयांच्या यादीपेक्षा प्लांट हेडला त्याचं काम कधी अडणार नाही हे वाचायचं असतं.

मग प्रशिक्षक. दोन मोठ्या संस्थांची कोटेशनं आली, पण त्यांची सत्रं इंग्रजीत होती आणि उदाहरणं आयटी कंपन्यांची. मला कामगार खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी हवा होता, आणि कामगारांच्या बाजूने केस लढणारा वकील. दुसऱ्या नावावर भुवया उंचावल्या. ‘आपल्याविरुद्ध उभा राहणारा माणूस आपल्या लोकांना शिकवणार?’ असं मला मीटिंगमध्ये विचारलं गेलं. आपल्या चौकशीत भोकं कुठे पडतात हे ती भोकं शोधणाऱ्याइतकं कोणालाच माहीत नसतं, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. शेवटी दोन्ही नावं मंजूर झाली. अधिकाऱ्यांची फी दिवसाला १५,००० रुपये ठरली, वकीलसाहेबांची २०,०००. प्रवास, जेवण, छपाई धरून सगळा खर्च दोन लाखांच्या आत बसला. व्हेंडर कोड निघायला मात्र महिना गेला. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी नोंदणी नसल्याचं हमीपत्र, टीडीएसचा फॉर्म, पुन्हा पॅनची स्वच्छ प्रत. निवृत्त माणसाला हे सगळं मागताना संकोच वाटतो, म्हणून पहिल्याच फोनवर पूर्ण यादी सांगून टाका.

पहिलं सत्र २० जूनला झालं. ते घेणारे निवृत्त अधिकारी, म्हणजे आमचे सर, कायद्याच्या कलमांपासून सुरुवात करतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून सुरुवात केली: १८८४ ची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, आणि १० जून १८९० ला मिळालेली रविवारची सुट्टी. तिथून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपापर्यंत ते आले. समोर बसलेल्यांपैकी तिघांचे आजोबा गिरणीत होते हे तेव्हा कळलं. एकाने सांगितलं, ‘आमच्या घरात संप हा शब्दच कोणी काढत नाही.’ त्या सकाळी एकही कलम शिकवलं गेलं नाही, आणि मला ते फार योग्य वाटलं. समोरच्या कामगाराच्या घरात युनियनचा काय इतिहास आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चौकशीच्या खोलीत बसू नये.

दुपारी कायद्यांचा नकाशा. औद्योगिक विवाद कायदा १९४७, स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा) कायदा १९४६, आणि युनियनच्या मान्यतेचा व अनुचित कामगार प्रथांचा महाराष्ट्राचा खास १९७१ चा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. त्यात युनियन मान्यताप्राप्त असो वा नसो, आपल्या सदस्याच्या वतीने खातेनिहाय चौकशीत उभं राहण्याचा तिला अधिकार आहे. आमच्यातल्या बहुतेकांना हा मॅनेजमेंटने दाखवलेला मोठेपणा वाटत होता. सरांनी दुसरी एक सवय लावली: कारवाईचा विचार डोक्यात येताच आपल्या कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश उघडायचे आणि ते कृत्य गैरवर्तनाच्या यादीत शब्दशः कुठे बसतं ते बघायचं. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८३ च्या निकालाचा धडा हाच, की यादीत नसलेलं गैरवर्तन नंतर जोडता येत नाही. आमच्या वाळूज प्लांटमध्ये प्रमाणित प्रतच सापडेना. जुन्या टाइम ऑफिसच्या कपाटातून ती निघायला दोन आठवडे लागले. तुमची प्रत कुठे आहे ते आजच बघून ठेवा, आणि ती मराठीत गेटजवळ लावलेली आहे का तेही.

जुलैचं सत्र आरोपपत्राचं. संपूर्ण प्रशिक्षणात मला सर्वात मोलाचं वाटलं ते हे.

वकीलसाहेबांनी प्रत्येकाला एक घटना दिली: तिसऱ्या पाळीत ऑपरेटरने सुपरवायझरला शिवीगाळ केली आणि मशीन बंद करून निघून गेला. अर्ध्या तासात आरोपपत्र लिहा. बहुतेकांनी लिहिलं, ‘आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले व कामात अडथळा आणला.’ साहेबांनी एक कागद उचलला आणि आरोपी कामगार होऊन विचारायला लागले. कोणते वरिष्ठ? किती वाजता? कुठल्या मशीनजवळ? उद्धट म्हणजे मी नेमकं काय बोललो? मशीन किती वेळ बंद होतं, आणि ते कशावरून म्हणता? शेवटी म्हणाले, ‘मी काय केलं तेच मला कळलं नाही, मग मी उत्तर कशाचं देऊ?’

मग शिवीचा प्रश्न आला. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत लिहायचे. ‘अर्वाच्य शिवीगाळ’ एवढ्याने भागत नाही, कारण ते लिहिणाऱ्याचं मत झालं. सातपूरची आमची सर्वात ज्युनिअर मुलगी पेन थांबवून बसली होती. साहेबांनी तिला शांतपणे सांगितलं, ‘बाळ, हे शब्द तुझे नाहीत. तू फक्त नोंद करते आहेस.’ तिने लिहिलं, आणि मग मोठ्याने वाचूनही दाखवलं. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

त्या दिवशी प्रत्येकाने आपलं आरोपपत्र पुन:पुन्हा लिहिलं. घटना आधी, तारीख-वेळ-ठिकाणासह, त्यानंतर स्थायी आदेशातलं कलम, खुलाशासाठी मुदत, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. ‘तुम्ही दोषी आहात’ असा सूर कुठेही नको, कारण चौकशी अजून व्हायची आहे. ‘केले आहे’ याच्या जागी ‘केल्याचा आरोप आहे’. शिक्षा देताना मागचं रेकॉर्ड वापरायचं असेल तर त्याचा उल्लेख कामगाराला आधी कळलेला हवा. चौकशीचा निकाल अर्ध्याहून अधिक या दीड पानात ठरतो, हे मला तेव्हा पटलं. हे पान बाहेरून टाइप करून आणायची पद्धत आम्ही त्याच महिन्यात बंद केली. आता आम्ही लिहितो, वकील तपासतात.

ऑगस्टमध्ये टीमला कामगार न्यायालयात नेलं. कामकाज खुलं असतं, तरी आदल्या दिवशी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवलं आणि दोघा-तिघांच्या गटाने मागच्या बाकांवर बसलो. मोबाइल बंद, बोलणं बंद. बहुतेक प्रकरणांत पुढची तारीख पडली. एका साक्षीदाराची उलटतपासणी मात्र पूर्ण ऐकायला मिळाली. दुसऱ्या एका कंपनीचे अधिकारी होते. स्वतःच सही केलेल्या चौकशीच्या रोजनाम्याबद्दल, म्हणजे प्रत्येक बैठकीच्या लेखी नोंदीबद्दल, ‘आठवत नाही’ असं पुन्हा पुन्हा सांगत होते. बाहेर आल्यावर चाकणचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आपण रोजनामा लिहितो तो दहा वर्षांनी कोणीतरी असं वाचणार.’ त्याला जे दिसलं ते मला वर्गात कितीही बोलून दाखवता आलं नसतं.

सप्टेंबरला अभिरूप, म्हणजे सरावासाठीची खोटी चौकशी. सगळ्यांनी आळीपाळीने सगळ्या खुर्च्यांवर बसायचं: चौकशी अधिकारी, व्यवस्थापन प्रतिनिधी, साक्षीदार, बचाव प्रतिनिधी आणि आरोपी कामगार. चाकणच्या युनियनच्या सरचिटणीसांना मी बचाव प्रतिनिधी म्हणून यायची विनंती केली होती. त्यांनी ‘कमिटीत विचारून सांगतो’ म्हणून आठवडाभर वेळ घेतला आणि मग आले. साक्षीदार झालेला आमचा पेरोलचा माणूस आत्मविश्वासाने म्हणाला, ‘मी सगळं डोळ्यांनी पाहिलं.’ सरचिटणीसांनी विचारलं, ‘तुम्ही स्टोअरच्या दारात होता ना? तिथून चार नंबरची प्रेस दिसते का?’ दिसत नाही. मध्ये रॅक आहे. शॉपफ्लोअर रोज बघणाऱ्याचा प्रश्न होता तो. आरोपपत्र काढण्याआधी घटनेच्या जागी जाऊन उभं राहायचं, हा आमचा नियम तिथून आला.

पण त्या दिवशी सगळ्यात जड गेली ती आरोपीची खुर्ची. तिथे बसलेल्या मुलाला आम्ही नियमाप्रमाणे आरोपपत्र वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, आरोप मान्य आहेत का विचारलं. नाटक आहे हे माहीत असूनही त्याचा आवाज बसला. नंतर म्हणाला, ‘समोर चौघं, सगळ्यांच्या हातात कागद, आणि माझ्यापुढे रिकामं टेबल.’ तेव्हापासून चौकशीच्या खोलीत कामगारापुढे कागदांचा पूर्ण संच, कोरे कागद, पेन आणि पाणी ठेवतो. त्याची खुर्ची इतरांसारखीच असते. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण आमच्या चेकलिस्टमध्ये ते पहिल्या ओळीत आहे.

चौकशी न्याय्य व्हायला काय लागतं ते सुर एनॅमलच्या १९६३ च्या निकालात सरळ सांगितलं आहे. आरोप स्पष्ट कळवलेले असावेत, साक्षी साधारणपणे कामगाराच्या समोर व्हाव्यात, त्याला उलटतपासणीची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी मिळावी, आणि अहवालात निष्कर्ष कारणांसह असावेत. ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या १९९३ च्या निकालाने त्यात भर घातली: चौकशी अधिकारी शिक्षा देणाऱ्याहून वेगळा असेल तर शिक्षा ठरवण्याआधी त्याचा अहवाल कामगाराला देऊन त्याचं म्हणणं घ्यायचं. हे पाठ करायला सोपं आहे. रोजनाम्याच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, त्याच दिवशी प्रत कामगाराला, सही नाकारली तर तशी नोंद आणि दोन साक्षीदार, ही शिस्त मात्र हाताला लागायला वेळ घेते. आमच्याकडे ओडिया आणि हिंदी बोलणारे कामगार आहेत, म्हणून भाषेचा रकाना वेगळा केला: कामकाज कोणत्या भाषेत झालं, कोणी समजावून सांगितलं, त्या माणसाची सही.

लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल सत्रात प्रश्न आला. त्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडेच जातात, आमच्या या चौकशीत त्या घ्यायच्या नाहीत. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण ठेवलं.

जानेवारी २०२५ मध्ये खरं प्रकरण आलं. वाळूजचा एक कामगार तीन आठवड्यांहून जास्त न सांगता गैरहजर. प्लांट हेडचं म्हणणं, पटावरून नाव कमी करा, स्थायी आदेशात तसं कलम आहे. आमच्या टीममधल्या मुलाने त्यांना डी. के. यादव प्रकरणाचा १९९३ चा निकाल समजावून सांगितला: असं कलम असलं तरी म्हणणं मांडायची संधी न देता नाव कमी करता येत नाही. बाहेरचं कोणी न बोलावता तो हे बोलला.

कामावर हजर व्हा म्हणून पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं, नोंदीतल्या गावाच्या आणि शहरातल्या, दोन्ही पत्त्यांवर. एक पाकीट ‘घर बंद’ शेऱ्यासह परत आलं. परत आलेलं पाकीट उघडायचं नाही, तसंच फाइलला लावायचं. दुसऱ्या पत्राची पोच आली. मग आरोपपत्र, मग खुलाशाची वाट. खुलासा हाताने लिहिलेला होता: वडील गावच्या दवाखान्यात, फोन बंद पडला, कोणाला कळवावं ते सुचलं नाही. चौकशी अधिकारी बाहेरचे घेतले, प्रत्येक बैठकीचे ४,००० रुपये. युनियनचा प्रतिनिधी सोबत होता. कामगाराने गैरहजेरी मान्य केली, दवाखान्याचे कागद दाखल केले. ते खरे आहेत का हे आमच्या माणसाने दवाखान्याला फोन करून पडताळलं आणि तेही रोजनाम्यात आलं. मार्चअखेर अहवाल आला, त्याची प्रत कामगाराला दिली, त्याचं उत्तर घेतलं.

शिक्षा ठरवताना सरकारने नमुना म्हणून दिलेले आदर्श स्थायी आदेश तीन गोष्टी बघायला सांगतात: गैरवर्तनाचं गांभीर्य, मागचं रेकॉर्ड, आणि सौम्य किंवा गंभीर करणारी परिस्थिती. आठ वर्षांत त्याच्यावर एकही मेमो नव्हता. लेखी ताकीद दिली आणि गैरहजेरीचे दिवस बिनपगारी धरले. प्लांट हेड आधी नाराज होते. त्यांनी अहवाल वाचला, मग सही केली. कामगार आज कामावर आहे.

अंतिम आदेशाआधी आम्ही आणखी एक गोष्ट तपासली होती, ती आवर्जून सांगते. तेव्हा आमच्या पगारवाढीचा मागणीपत्राचा विवाद समेट अधिकाऱ्यांपुढे प्रलंबित होता. अशा वेळी बडतर्फ करायचं असतं तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३(२)(ब) प्रमाणे एक महिन्याचा पगार देऊन मंजुरीचा अर्ज करावा लागला असता. तो न करता केलेली बडतर्फी टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँकेच्या २००२ च्या निकालात सांगितलं आहे. एचआर आणि कायदा विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर हे हमखास निसटतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४६ आणि १९४७ च्या त्या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली, त्यामुळे आमच्या नोट्स पुन्हा लिहायला घेतल्या. स्थायी आदेशांची तरतूद आता ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. सातपूरला तेवढे नाहीत, तरी तिथे हीच पद्धत चालू ठेवायची असं आम्ही ठरवलं, कारण नैसर्गिक न्याय संख्येवर अवलंबून नाही. निलंबन केलं तर चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवायची आहे. निलंबनाच्या काळात द्यायचा निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, आणि पुढचा उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. हा भत्ता पगारासोबत आपोआप निघावा म्हणून पेरोलमध्ये वेगळा कोड तयार करून घेतला आहे. भत्ता थांबला आणि कामगाराकडे चौकशीला यायला भाड्याचे पैसे नसले, तर तीच चौकशी नंतर न्यायालयात सदोष ठरू शकते.

दुसरी बॅच १८ जूनला सुरू होते आहे. या वेळी लाइन सुपरवायझरही बसणार आहेत, कारण घटनेचा पहिला रिपोर्ट तेच लिहितात आणि आमच्या हातात कागद येईपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असतं. त्यांच्यासाठी एका पानाचा मराठी नमुना केला आहे: काय पाहिलं, काय ऐकलं, कोण हजर होतं, कुठे उभे होतात. ‘तुमचं मत’ असा रकाना त्यात मुद्दाम ठेवलेला नाही. कोणाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवते.